एकही हिट नसलेला गायक पन्नास वर्षं कसा टिकतो? जॉन प्राइनची गोष्ट

१९६०च्या दशकात अमेरिकेतल्या शहरांत रस्त्याच्या कडेला हिरव्या लोखंडी पेट्या असायच्या. त्यांत पत्रं टाकायची नसत. एका पोस्टमनच्या खांद्याला सगळ्या गल्ल्यांचं टपाल एकदम पेलवत नाही, म्हणून पुढच्या टप्प्याचं टपाल आधीच या पेटीत आणून ठेवलेलं असायचं. पोस्टमन तिथवर पोचला की पेटी उघडून झोळी पुन्हा भरून घ्यायचा. शिकागोजवळच्या उपनगरात टपाल वाटणारा एक विशीतला पोरगा कडाक्याच्या वाऱ्यात या पेटीतच शिरायचा, आत बसून सँडविच खायचा आणि पुढे चालू लागायचा. चालता चालता तो गाणी रचत असे. रस्ता पाठ, घरं पाठ, डोक्याला दुसरा उद्योग नाही. पोस्टमनचं काम म्हणजे पुस्तकं नसलेल्या ग्रंथालयात असल्यासारखं, असं तो पुढे सांगायचा.

हा जॉन प्राइन. जन्म १० ऑक्टोबर १९४६, मेवुड, इलिनॉय. मृत्यू ७ एप्रिल २०२०, नॅशव्हिल. मधल्या पन्नास वर्षांत त्याच्या स्वतःच्या आवाजातलं एकही गाणं अमेरिकन रेडिओवर गाजलं नाही. तरी बॉब डिलन त्याचा चाहता होता, जॉनी कॅश त्याची गाणी गायचा, आणि वयाच्या ७१व्या वर्षी आलेला त्याचा अल्बम अमेरिकेतल्या अल्बमविक्रीच्या मुख्य यादीत थेट पाचव्या क्रमांकावर गेला. हे कोडं आपल्याकडच्या वाचकाला चटकन सुटत नाही. आपल्याकडे गीत लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा आणि गाणारा तिसरा, आणि तिघांना एकत्र आणणारा बहुधा सिनेमाचा निर्माता. प्राइनच्या धंद्यात हे सगळं एकाच माणसाकडे असतं. नीट सांभाळलं तर हिशेबाची वहीही त्याच्याचकडे राहते.

आधी दोन शब्दांचा गुंता सोडवू. त्याला ‘फोक’ गायक म्हणतात आणि ‘कंट्री’ही म्हणतात. आपण ‘फोक’चं भाषांतर सरळ ‘लोकसंगीत’ करतो आणि फसतो. लोकगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जात्यावरची ओवी येते. ती कुणी रचली ते कुणाला ठाऊक नसतं आणि कुणी विचारतही नाही. अमेरिकेतही हा शब्द मुळात तशाच निनावी गाण्यांसाठी होता. पण १९५०-६०च्या दशकांत शहरातल्या तरुणांनी ती जुनी गाणी गिटारवर उचलली, मग त्याच घाटात स्वतःची नवी गाणी बांधली, आणि ‘फोक’ म्हणजे गिटार घेऊन एकट्यानं स्वतःचं गाणं म्हणणारा माणूस असा अर्थ रूढ झाला. शिकागोत १९५७ साली सुरू झालेलं ओल्ड टाउन स्कूल ऑफ फोक म्युझिक हे असल्या शिक्षणाचं मोठं केंद्र. प्राइनचा थोरला भाऊ डेव्ह तिथलाच, त्यानं धाकट्याला चौदाव्या वर्षी गिटार धरायला शिकवलं. पुढे प्राइनही तिथे वर्गाला जाऊ लागला.

‘कंट्री’, म्हणजे तिथलं गावाकडच्या वळणाचं संगीत, मात्र घरातून आलं. आईवडील केंटकी राज्यातल्या मुलेनबर्ग या कोळशाच्या जिल्ह्यातले. वडील मेवुडला कारखान्यात साचे-हत्यारं बनवणारे कामगार, युनियनचे कट्टर. नोकरीसाठी शहरात आले तरी त्यांचं मन गावाकडेच होतं आणि घरात हँक विल्यम्स या कंट्री गायकाची गाणी वाजत. शहरात वाढलेल्या पोराला उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी नेलं जाई. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. गिरणगावातल्या किती घरांत हेच चालायचं.

मुलेनबर्गची आणखी एक देणगी त्याच्या उजव्या हातात होती. अंगठ्यानं खालच्या जाड तारांवर एकसारखा ‘धूम-चक’ ठेका धरायचा आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या बारीक तारांवर सूर काढायचा, म्हणजे एकच गिटार दोघं वाजवताहेत असं वाटतं. ही पद्धत मर्ल ट्रॅव्हिस या वादकाच्या नावानं ओळखली जाते आणि ट्रॅव्हिस याच जिल्ह्यातला. एकट्यानं गाणाऱ्याला तिचा मोठा फायदा होतो, ढोलकी आणि साथीदार दोन्ही अंगठ्यातच मिळतात. प्राइनला फार स्वर लागत नसत. तीन-चार कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र छेडलेल्या सुरांच्या जुळण्यांत, त्याचं बहुतेक काम भागे. त्याच्या चाली एकमेकींसारख्या आहेत अशी तक्रार काही लोक करतात आणि ती अगदीच खोटी नाही.

१९६६ साली त्याला सैन्यात भरती व्हावं लागलं. व्हिएतनाम युद्ध पेटलेलं होतं. पण त्याला पाठवलं पश्चिम जर्मनीत, गाड्या दुरुस्त करायला. बरोबरीची पोरं व्हिएतनामला गेली. काही परतली नाहीत आणि जी परतली ती पूर्वीसारखी राहिली नाहीत. परतल्यावर प्राइनच्या अंगावर पुन्हा टपालाची झोळी आली.

शिकागोच्या आर्मिटेज अव्हेन्यूवर ‘फिफ्थ पेग’ नावाची एक छोटी जागा होती. तिथे ठरावीक रात्री कुणालाही मंचावर चढून गाता येई. एका रात्री प्राइन प्रेक्षकांत बसून गाणाऱ्यांवर शेरे मारत होता. कुणीतरी म्हणालं, एवढं कळतंय तर तूच गाऊन दाखव. तो उठला आणि तीन गाणी गायला: ‘सॅम स्टोन’, ‘हॅलो इन देअर’, ‘पॅरडाइज’. पहिलं गाणं संपल्यावर टाळ्याच वाजल्या नाहीत. लोक नुसते बघत राहिले. आपण आपटलो असं त्याला वाटलं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. जागेच्या मालकानं त्याला तिथेच काम दिलं.

ही तीन गाणी इतकी चालली कशानं, हे बघायला हवं. ‘सॅम स्टोन’ व्हिएतनामहून पदक घेऊन आणि अफूजन्य इंजेक्शनांचं व्यसन लावून घेऊन परतलेल्या जवानाची गोष्ट आहे. त्या काळात युद्धविरोधी गाण्यांचा सुकाळ होता आणि बहुतेक गाणी सरकारला जाब विचारत होती. प्राइनच्या गाण्यात सरकार नाहीच. धृपदात जवानाचं मूल बोलतं आणि घरातला पैसा बापाच्या दंडातल्या भोकातून जातो एवढंच सांगतं. तक्रार नाही, निष्कर्ष नाही. मुलाला जितकं दिसतं तितकंच. (जॉनी कॅश हे गाणं गायचा तेव्हा त्यातली येशूबद्दलची एक कडवट ओळ बदलून गायचा. ती त्याच्या श्रद्धाळू तोंडातून निघेना.)

‘हॅलो इन देअर’ म्हाताऱ्या जोडप्याचं गाणं. मुलं दूर गेलेली, एक युद्धात मेलेला, घरात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. हे लिहिलं तेव्हा प्राइन विशीतच होता. लहानपणी तो एका मित्राबरोबर वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायला जायचा. तिथले काही म्हातारे इतरांसमोर असं दाखवत की हा पोरगा म्हणजे आपला नातूच, भेटायला आलाय. ती आठवण या गाण्याच्या मुळाशी आहे.

या गाण्यानंतर एका मित्रानं सुचवलं, म्हाताऱ्यांवर आणखी एक लिही. प्राइन म्हणाला, म्हाताऱ्यांबद्दल होतं ते सगळं सांगून झालं. मग त्याच्या मनात एक मध्यमवयीन बाई आली, तिला आपण आहोत त्याहून म्हातारं झाल्यासारखं वाटतंय. मोरीपाशी उभी, हात साबणाच्या फेसात, आणि हे सगळं टाकून निघून जावंसं वाटणारी. त्यातून ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमरी’ आलं. गाण्याची सुरुवातच तो बाईच्या तोंडून करतो, ‘मी’ म्हणून. मिशीवाला पोस्टमन बाई होऊन कसा बोलतो, असं लोक त्याला विचारत. आपल्याला हा प्रश्न पडू नये. नाथांचं भारूड ऐकलेल्या माणसाला दुसऱ्याचं तोंड घेऊन बोलणं नवं नाही. पण भारुडात शेवटी अध्यात्माचा अर्थ उलगडतो. प्राइन काहीच उलगडत नाही, बाईला तिथेच मोरीपाशी उभी ठेवतो.

माझ्या मते त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा राहिला. ज्याच्या गाण्यात स्वतःचाच ‘मी’ भरलेला असतो, त्याचं गाणं दुसऱ्याला गाता येत नाही. प्राइनचा ‘मी’ नेहमी कुणीतरी दुसराच असल्यामुळे त्या जागी कुणीही उभं राहू शकतं. गायिका बॉनी रेटनं १९७४ साली ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमरी’ गायलं आणि आज बहुतेक अमेरिकनांना ते तिचंच गाणं वाटतं.

पुढचं नशिबाचं वाटतं. शिकागो सन-टाइम्सचा सिनेसमीक्षक रॉजर ईबर्ट एका रात्री सिनेमा अर्धवट सोडून बाहेर पडला. पॉपकॉर्न खारट होतं, बिअर प्यावीशी वाटली. जवळच फिफ्थ पेग होतं. ९ ऑक्टोबर १९७० रोजी त्यानं सिनेमाऐवजी गाणाऱ्या पोस्टमनवर लिहिलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून जागा भरू लागली. १९७१ साली प्राइनचा जिवलग मित्र स्टीव्ह गुडमन एका रात्री क्रिस क्रिस्टॉफर्सनला, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत नावाजलेल्या गीतकारांपैकी एकाला, जवळजवळ ओढतच त्याच्याकडे घेऊन आला. बार बंद झालेला, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या. प्राइननं असतील नसतील ती गाणी म्हटली. क्रिस्टॉफर्सन म्हणाला, आता तीच सगळी पुन्हा म्हण. काही दिवसांत न्यूयॉर्कच्या एका क्लबात क्रिस्टॉफर्सननं त्याला मंचावर बोलावलं. समोर अटलांटिक रेकॉर्ड्सचा जेरी वेक्सलर बसला होता. त्यानं दुसऱ्याच दिवशी २५,००० डॉलरचा करार पुढे केला.

आता पैशाचं बघू, कारण गायकाची कारकीर्द समजून घ्यायची तर ती इथेच समजते.

एका गाण्याच्या दोन मालक्या असतात. शब्द आणि चाल ही एक मालकी. त्या गाण्याचं अमुक गायकानं अमुक दिवशी केलेलं ध्वनिमुद्रण ही दुसरी. पहिली रचणाऱ्याची, दुसरी बहुधा रेकॉर्ड कंपनीची. करार करताना कंपनी जे पैसे देते ती बक्षिसी नसते, ती उचल असते. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम देतो तशीच. स्टुडिओचं भाडं आणि वादकांची मजुरी साधारणपणे गायकाच्याच खात्यावर पडते. रेकॉर्ड विकून ते सगळं फिटेपर्यंत गायकाच्या वाट्याचे पैसे कंपनीकडेच राहतात. अनेकांचं आयुष्य सरतं, उचल फिटत नाही.

रचणाऱ्याचा हिशेब वेगळा चालतो. अमेरिकन कायद्यानुसार गाणं एकदा प्रसिद्ध झालं की दुसरा कुणीही परवानगीशिवाय ते गाऊन रेकॉर्ड काढू शकतो, पण प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रक्कम रचणाऱ्याला द्यावीच लागते. १९०९ पासून १९७७ पर्यंत ही रक्कम होती २ सेंट. इतकी वर्षं तीच! आणि आणखी एक गोष्ट आपल्याला चक्रावणारी. तिथल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर रचणाऱ्याला आणि त्याच्या प्रकाशकाला पैसे मिळतात, गाणाऱ्याला काहीच नाही. म्हणजे बॉनी रेटच्या आवाजात ‘एंजल’ वाजलं की पैसे प्राइनकडे.

त्यामुळे रेडिओनं प्राइनच्या आवाजाकडे पाठ फिरवली तरी त्याच्या घरी चेक येत राहिले. १९८३ साली डॉन विल्यम्सनं आणि १९९८ साली जॉर्ज स्ट्रेटनं त्याची सहलेखनातली गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेली. याच बाबतीत त्यानं एकदा भलताच उदारपणाही दाखवला. गुडमनबरोबर बसून त्यानं कंट्री गाण्यांची टिंगल करणारं एक गाणं लिहिलं, पण नॅशव्हिलची, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतली, मंडळी दुखावतील म्हणून आपलं नाव घालू दिलं नाही. १९७५ साली डेव्हिड ॲलन को या गायकानं ते गाजवलं. पैसे अर्थातच गुडमनला मिळाले. त्यानं त्यातून प्राइनला एक ज्यूकबॉक्स, म्हणजे बारमध्ये नाणं टाकलं की हवी ती रेकॉर्ड वाजवणारी पेटी, घेऊन दिला.

पहिला अल्बम १९७१ साली, एक गाणं सोडून, मेम्फिसमध्ये मुद्रित झाला. साथीला एल्व्हिस प्रेस्लीबरोबर वाजवलेले वादक होते आणि प्राइन गांगरून गेला होता. ते त्याच्या आवाजात ऐकू येतं. मुखपृष्ठावर तो गवताच्या पेंढीवर बसलाय. शहरात वाढलेला हा माणूस म्हणायचा की पेंढीवर बसायची ती माझी आयुष्यातली पहिलीच वेळ. कंपनीला त्याला कंट्रीच्या कप्प्यात बसवायचं होतं, म्हणून पेंढी आली. हा धरून १९८० पर्यंत दोन कंपन्यांसाठी सात अल्बम झाले. १९७३चा ‘स्वीट रिव्हेंज’ आणि गुडमननं बसवलेला १९७८चा ‘ब्रूज्ड ऑरेंज’ आवर्जून ऐकावेत. बाकीच्यांबद्दल चाहते भांडत राहतात.

१९८०च्या सुमाराला कंपन्यांशी त्याचं फाटलं होतं. दुसऱ्या कंपनीचा उंबरा झिजवण्याऐवजी त्यानं १९८१ साली मॅनेजर अल बुनेटाबरोबर ‘ओह बॉय रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली. आज इंटरनेटवरून आगाऊ पैसे गोळा करून पुस्तकं आणि सिनेमे निघतात. प्राइनच्या चाहत्यांनी हे टपालानं केलं. न निघालेल्या अल्बमसाठी लोकांनी चेक पाठवले आणि त्या पैशांतून १९८४ साली ‘एमलेस लव्ह’ निघाला. रेकॉर्डही टपालानंच घरोघरी गेल्या. आता दोन्ही मालक्या त्याच्याकडे होत्या. उचल नाही, म्हणून फेडणं नाही. मोठ्या कंपनीसाठी तोट्याची ठरणारी विक्री त्याच्या घराला पुरेशी होती. गुडमन त्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला.

१९९१च्या ‘द मिसिंग इयर्स’ला ग्रॅमी मिळाली. ती मोठ्या कंपन्यांशिवाय मिळाली याचं त्याला कौतुक होतं.

१९९८ साली मानेत कर्करोगाची गाठ निघाली. शस्त्रक्रियेत मानेचा तुकडा गेला, जिभेच्या काही नसा तुटल्या, मग रेडिएशन. बोलण्यासाठी महिनोन्महिने उपचार घ्यावे लागले. परत गायला लागला तेव्हा आवाज कित्येक सूर खाली उतरला होता, खरखरीत झाला होता. गाणी खालच्या पट्टीत घ्यावी लागली. बहुतेक गायकांचं इथे संपलं असतं. प्राइन म्हणायचा, हा नवा आवाज मला जुन्यापेक्षा आवडतो. मलाही पटतं. विशीत ‘हॅलो इन देअर’ गाताना तो म्हाताऱ्याची नक्कल करत होता, साठीत करावी लागली नाही. २०१३ साली फुप्फुसाचा कर्करोग झाला. त्यातून उठताना जिने चढउतार करायचा आणि धाप लागलेली असतानाच गिटार घेऊन दोन गाणी म्हणायचा असा व्यायाम त्याला दिला होता.

२०१८चा ‘द ट्री ऑफ फर्गिव्हनेस’ हा नव्या गाण्यांचा तेरा वर्षांतला पहिला अल्बम. तो लिहून व्हावा म्हणून बायको फियोनानं त्याला नॅशव्हिलमधल्याच एका हॉटेलच्या खोलीत अर्धवट ओळींनी भरलेल्या खोक्यांसकट नेऊन ठेवलं. घरी असता तर हे झालंच नसतं, कारण गाणं लिहिण्यापेक्षा हॉट डॉग खायला जाणं त्याला कधीही पसंत. मार्च २०२० मध्ये कोविड झाला आणि ७ एप्रिलला तो गेला. शेवटच्या ध्वनिमुद्रणाला मरणोत्तर दोन ग्रॅमी मिळाल्या.

‘पॅरडाइज’बद्दल बोलायचं राहिलं. पॅरडाइज हे मुलेनबर्ग जिल्ह्यातलं ग्रीन रिव्हरकाठचं खरंखुरं गाव, त्याच्या आईवडिलांच्या नात्यागोत्याचं. तिथला कोळसा जमिनीत फार खोल नव्हता. बोगदा खणण्याऐवजी वरची माती, झाडं, खडक सगळं यंत्रानं सोलून काढायचं आणि खालचा थर उचलायचा, असं खाणकाम पीबॉडी कंपनीनं तिथे केलं. त्यासाठी जगातल्या अतिप्रचंड फावड्यांपैकी एक तिथे आणलं होतं. शेजारी टीव्हीएचं, म्हणजे टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी वीजसंस्थेचं, औष्णिक वीजकेंद्र उभं राहिलं. राख गावावर पडू लागली, आणि १९६७च्या सुमारास टीव्हीएनं उरलेली घरं विकत घेऊन गाव पुसून टाकलं. बारकाईनं बघितलं तर गाव हलवलं ते टीव्हीएनं. पण गाण्यात बाप मुलाला सांगतो की गाव पीबॉडीच्या कोळशाच्या गाडीतून गेलं. कंपनीला हे इतकं लागलं की तिनं गाण्याचा प्रतिवाद करणारं पत्रक काढलं, त्यात म्हटलं की ज्या विजेवर ही रेकॉर्ड मुद्रित झाली तिचा कोळसाही कदाचित आमचाच असेल. मुद्दा बिनतोड आहे. पण पत्रक आज कुणाला पाठ नाही.

गाणं मात्र जॉन डेन्व्हरपासून गल्लीतल्या बँजोवाल्यापर्यंत सगळे गातात, आणि पुष्कळांना ते शंभर वर्षांपूर्वीचं, कुणाचंच नसलेलं वाटतं. टीव्हीएच्या त्या केंद्रातला कोळशावरचा शेवटचा संच फेब्रुवारी २०२० मध्ये बंद झाला. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपली रक्षा ग्रीन रिव्हरमध्ये सोडा असं चोविशीच्या आतबाहेरच्या प्राइननं लिहून ठेवलं होतं. पुढे त्याची खरी इच्छाही तीच राहिली, अर्धी रक्षा आईवडिलांजवळ आणि अर्धी त्या नदीत.

हे गाणं त्यानं वडिलांसाठी लिहिलं होतं. पहिला अल्बम बाजारात येण्याआधीच वडील वारले, पण मुद्रणाची टेप तो त्याआधी घरी घेऊन आला होता. ‘पॅरडाइज’ सुरू झालं तसे वडील उठून शेजारच्या खोलीत गेले आणि अंधारात बसून राहिले. असं का, म्हणून त्यानं विचारलं. ते म्हणाले, ज्यूकबॉक्सवर लागलंय असं वाटावं म्हणून.